फियाटच्या मापाचं गॅरेज

नाशिकच्या कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांत सत्तरच्या दशकातले बंगले अजून थोडेफार तग धरून आहेत. बहुतेकांच्या कडेला एक बुटकी, लांबोळी खोली असते. दोन फळ्यांचं लाकडी दार, समोर चाकांपुरत्या दोन फरशीच्या पट्ट्या, आत पाना-पक्कड ठेवायला एक कोनाडा. आज या खोल्यांमध्ये स्कॉलरशिपचे क्लास चालतात, पोळी-भाजी केंद्रं चालतात, कुठे इस्त्रीवाला असतो, कुठे होमिओपॅथीचा दवाखाना. मालकाची गाडी मात्र बाहेर रस्त्यावर उन्हात. मला वाटायचं, भाड्याचा मोह सुटत नसेल. मग एकदा टेप लावून पाहिली आणि खरं कारण कळलं. ही गॅरेजं फियाटच्या मापाची आहेत. फियाट 1100 लांबीला तेरा फुटांच्या किंचित आत, रुंदीला पाच फुटांहून कमी. बांधणाऱ्यानं दोन्ही अंगांना दार उघडण्यापुरती जागा धरली आणि भिंती उचलल्या. आताची एसयूव्ही त्यात शिरते, नाही असं नाही. पण मग चालवणाऱ्याला आतच मुक्काम करावा लागतो.

आमच्या बंगल्यालाही असं गॅरेज आहे आणि त्यात फियाट कधी आलीच नाही. सासऱ्यांनी घर बांधायला काढलं तेव्हा आर्किटेक्टनं नकाशात गॅरेज दाखवलं. सासरे म्हणाले, असू दे, पुढेमागे घेऊ. त्यांची सगळी नोकरी बजाजच्या स्कूटरवर झाली. गॅरेजात बंबाची लाकडं राहिली, सिमेंटची उरलेली पोती दगड होऊन राहिली, मुलांच्या सायकली आल्या आणि गेल्या. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा नवऱ्यानं तिथे क्लासवाल्यांना जागा देण्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. हिशेब बरोबर होता. तरी देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या शेडमध्ये चाकं बसलेल्या अवस्थेत उभी असलेली 1971 सालची फियाट मी विकत घेतली आणि टो करून त्या खोलीत आणून ठेवली. दोन्ही अंगांना दार उघडण्यापुरती जागा उरली. आर्किटेक्टचं माप चोख होतं.

जुन्या गाडीचा विषय निघाला की लिहिणारे हमखास गहिवरतात. वडिलांची गाडी, मागच्या सीटवर कोंबलेली पाच भावंडं, खिडकीतून येणारा वारा. माझ्याकडे असं काही नाही. माझ्या माहेरी लुना होती. फियाट असायची डॉक्टरांकडे, मोठ्या वकिलांकडे, एखाद्या ठेकेदाराकडे. आम्ही ती बाहेरून पाहिली, क्वचित धक्का मारला. आणि तो काळ साधेपणाचा होता असंही मला म्हणवत नाही. 1959 च्या सरकारी आदेशानं मोटारींची विक्री आणि वाटप नियंत्रणाखाली होतं. निवड अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड यांच्यातच. नंबर लावायचा, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. ज्याचा नंबर लागला तो वर 'ऑन', म्हणजे जादा पैसे, घेऊन गाडी दुसऱ्याला देऊ शकत होता, आणि देतही होता. लहान गाडी ही सामान्य माणसाची गाडी असते ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली. त्या आधी लहान गाडी म्हणजे मोठ्या माणसाची गाडी.

ती कल्पना फार पूर्वी सुचलेला एक मराठी माणूस होता, आणि फियाटवर काम करताना तो मला वरचेवर आठवतो. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर छोटी मोटार घडवली. एक नमुना, त्यावरून सुधारलेला दुसरा, मग पुढचा. इंजिन मागच्या बाजूला, नाव 'मीरा'. बारा हजार रुपयांच्या आसपास ती देता येईल असा त्यांचा हिशेब होता. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण कारखान्याला लागणारी परवानगी आणि पाठबळ काही मिळालं नाही. पुढे 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली आणि लहान गाडीचा इतिहास तिथून सुरू होतो असं सगळे धरून चालतात. आम्ही तर बनलेली गाडी नुसती पुन्हा चालती करतोय. एका माणसानं नसलेली गाडी घडवली, तीही कुणी मागितलेली नसताना.

आता या गाडीकडे वळते. फियाट 1100 ला जन्म दिला इटलीनं. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये 1954 पासून तयार होऊ लागली. पहिली गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी, तिला आपण डुक्कर फियाट म्हणायचो. चौकोनी बांध्याची 1100 डी 1964 ला आली, तिचं नाव डिलाइट. नंतर काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. इटलीत हे मॉडेल 1966 मध्येच बंद झालं; आपण ते विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालवलं. इंजिन तेच, 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग बाकाची, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे स्प्रिंग आणि मागे पाटे.

कुर्ल्याचा हा कारखाना काढला वालचंद हिराचंदांनी, 1944 साली. मूळ घर सोलापूरचं. त्यांचं नाव काढलं की जहाजं आणि बोगदे आठवतात. पण नाशिक जिल्ह्याला ते आधीपासून ठाऊक होते, मालेगाव तालुक्यातल्या रावळगावमुळे. 1933 साली तिथे साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दशकात त्याच साखरेच्या गोळ्या निघू लागल्या. आमच्या पिढीनं त्या चघळल्या. तो ब्रँड 2024 मध्ये रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटींना घेतला. विमानांचं वेडही वालचंदांचंच. 1940 च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं काढली. महायुद्धात ती सरकारनं हातात घेतली आणि 1964 मध्ये तिच्यातून आजची एचएएल झाली. मिग बांधण्यासाठी उभा राहिलेला नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना त्याच वर्षी या एचएएलच्या छत्राखाली आला. वालचंद स्वतः 1953 मध्ये गेले. फियाट 1100 त्यांनी कुर्ल्यातून बाहेर पडताना पाहिली नाही, मिग तर सोडाच.

एवढं सांगायचं कारण असं, की आमच्या गॅरेजात रोज दुपारी भांडणारे दोघे जण या एकाच माणसाच्या दोन कारखान्यांच्या सावलीत वाढलेले आहेत.

पहिले आमच्या शेजारचे काका. मिगच्या असेंब्लीत त्यांची हयात गेली. मला ते वहिनी म्हणतात, कारण नवऱ्याचे जुने स्नेही. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मायक्रोमीटर आहे, डायल गेज आहे, टॉर्क रेंच आहे आणि मोजायला काही नाही. गाडी आली त्या संध्याकाळी ते चहाला आले आणि व्हर्नियर खिशात घेऊनच आले. दुसरे आमचे मिस्त्री. नाशिकातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे आग्रा रोडला लागून असलेल्या एका गॅरेजात ते पोरवयात पाने उचलून द्यायला लागले आणि कसारा घाटात तापून उभ्या राहिलेल्या फियाटींवर शिकले. आता मुलगा टू-व्हीलरचं काम बघतो, हे दुपारनंतर मोकळे असतात. मोजमापावर त्यांचा राग नाही, पण विश्वासही नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाच्या हाडावर ठेवून ते ऐकतात, आणि मग बोलतात.

सातपूर, अंबड, ओझर, नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यांतून निवृत्त झालेले असे किती हात या शहरात रिकामे बसले असतील! लोक म्हणतात नाशिक म्हणजे गोदाकाठ आणि कुंभमेळा, हल्ली द्राक्षं आणि वाइन. कुणी टर्नर-फिटरांचं शहर म्हणत नाही. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर एखाद्याशी बोलायला लागा, दहा मिनिटांत तो तुम्हाला शून्य पॉइंट शून्य एकच्या टॉलरन्सपर्यंत घेऊन जाईल.

आमच्या फियाटचं इंजिन जाम होतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रिंगा सिलिंडरला धरतात. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून ते मुरू दिलं आणि मग क्रँक हळूहळू सुटला. नळकांड्यात कुंभारीण माशीनं मातीची घरं बांधली होती, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार केला होता. इंजिन उतरवून उघडलं तेव्हा कळलं की ते याआधीही उघडलेलं आहे, एकदा तर बोअर करून मोठे पिस्टन घातलेले आहेत. काका प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा मोजत गेले आणि मी वहीत आकडे लिहीत गेले. व्हॉल्व्ह मी स्वतः घासले. दांड्याच्या टोकाला रबरी चूषक, त्याला व्हॉल्व्ह चिकटवायचा, कडेला पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत दांडी फिरवत बसायचं, रवी घुसळावी तसं. सीटवर राखाडी रंगाची सलग बारीक कड उमटली की व्हॉल्व्ह बसला. मग हेड उलटं करून वरून डिझेल ओतायचं. खाली पाझरलं तर पुन्हा घासायचं. नोटा मोजलेल्या बोटांना हे काम लगेच जमतं, असं माझं मत झालं आहे.

खरा वाद सुरू झाला हेड बसवताना. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं आवळत जायचे, नाहीतर हेड वाकतं आणि पॅकिंग फुंकतं. एवढ्यावर दोघांचं एकमत. किती आवळायचं यावर नाही. काकांनी टॉर्क रेंच काढला. मिस्त्री म्हणाले, "काका, रेंच खोटं बोलतो." काका दुखावलेच. पण मिस्त्रींचं म्हणणं तर्काला धरून होतं. रेंच बोल्टची ओढ मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो, आणि त्या जोरातला मोठा भाग आट्यांचं घर्षणच खातो. आट्यांत गंज असेल तर आकडा पुरा होतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. ऑइल जास्त असेल तर आकडा येण्याआधी बोल्ट ताणला जातो. त्यांना घर्षण हा शब्द वापरावा लागला नाही, त्यांनी गंजलेला एक आणि धुतलेला एक बोल्ट रिकाम्या भोकात फिरवून दाखवला. काकांनी चष्मा पुसला आणि मान्य केलं की ओझरलाही आटे आधी साफ करूनच रेंच लावायचे. मग दोघांनी मिळून सगळे बोल्ट धुतले, आट्यांना टॅप मारला आणि रेंचनंच आवळले.

टॅपेटच्या बाबतीत मिस्त्री जिंकले. फीलर गेज लावून मोकळीक ठेवल्यावर इंजिन किंचित टिकटिकत होतं, ते काकांना खटकलं. "ताई, टॅपेट थोडं बोललं पाहिजे," मिस्त्री मला उद्देशून म्हणाले. काकांना थेट विरोध करायचा नसला की ते माझ्याशी बोलतात. "गप्प झालं की समजायचं, व्हॉल्व्ह पुरा मिटत नाही. मग जळतो." थर्मोस्टॅटच्या बाबतीत काका जिंकले, निदान आत्तापुरते. आपल्याकडच्या बहुतेक मिस्त्रींनी बहुतेक फियाटींचे थर्मोस्टॅट कधीच काढून फेकले आहेत, घाटात गाडी तापते म्हणून. काका म्हणाले, घाटात गाडी तापते ती रेडिएटर बोअरच्या पाण्यानं चोंदलेला असतो म्हणून. थर्मोस्टॅट नसेल तर जानेवारीत नाशिकच्या थंडीत इंजिन कधी गरमच होत नाही, पेट्रोल भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि रिंगा झिजतात. मला काकांचं पटलं. रेडिएटरचा कोअर नवा घातला आणि थर्मोस्टॅट बसवला. मिस्त्रींनी डिकीत पाण्याचा कॅन ठेवून दिला आहे, न बोलता.

काकांच्या एका सवयीपुढे मात्र मिस्त्रींनी आणि मी हात टेकले आहेत. त्यांनी सम्पच्या ड्रेन प्लगला, डिफरन्शियलच्या बोल्टांना, जिथे तार घालता येईल तिथे लॉकिंग वायर बांधली आहे. विमानात नट हलू नये म्हणून बांधतात ती, पीळ दिलेली. मिस्त्री हसले, "काका, ही उडायची नाही." काका म्हणाले, "विमान प्रत्येक उड्डाणाआधी कुणीतरी तपासतं. हिला कोण तपासणार आहे?"

पण या सगळ्या उद्योगात डोक्याला खरा भुंगा लावला तो पत्र्यानं. इंजिन शेवटी हिशेबाचं असतं. झिजलं तर बदला, सैल असेल तर आवळा. पत्र्याचं तसं नाही. मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारावरून फिरवलं. वर ते चिकटत होतं, खाली येताच सुटून पडत होतं. तिथे पत्राच नव्हता, नुसती लांबी भरून वर रंग मारलेला. नाशिकची हवा कोरडी, पण गंज बाहेरून आत येत नाहीच. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती पाचोळ्यानं बुजतात, चिखल आत ओला राहतो आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. दारांखालच्या पट्ट्या गंजल्या म्हणून सरळ कापून काढल्या तर गाडी मधून झुकते आणि मग दारं पुन्हा कधी बसत नाहीत. म्हणून आधी चार घोड्यांवर गाडी लेव्हलमध्ये उभी करायची, दारांच्या चौकटींत आडवे-तिडवे अँगल टाक्यांनी जोडायचे, दारांच्या फटी मोजून लिहायच्या, आणि मगच कापायचं. डेंटिंगवाला दर जोडाला दार लावून बघायचा. त्याच्याइतका सावकाश माणूस मी बँकेतही पाहिला नाही, आणि तिथे बरेच पाहिले.

जुन्या दुरुस्त्या तेव्हा उघड्या पडल्या. मागच्या सीटखालच्या भोकावर कुणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवला होता, छापील बाजू खाली करून. डाव्या मडगार्डचा खालचा अर्धा भाग मात्र हातानं ठोकून घडवलेला होता. त्याची गोलाई उजव्या बाजूच्या कारखान्यातल्या गोलाईशी हुबेहूब नव्हती, पितळी रॉडनं केलेला जोड आतून दिसत होता, पण तो पत्रा कसदार होता आणि गंजाचा एक ठिपका त्याच्यावर नव्हता. मागच्या दाराच्या बिजागरीतली पिन लेथवर काढलेली होती, मूळ पिनेपेक्षा जाड. गिअरच्या दांड्याचं बुश गनमेटलचं, कुणीतरी घडवलेलं, अजून घट्ट.

काकांचा आग्रह, सगळं ड्रॉइंगप्रमाणे करायचं. कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे? इटलीत 1962 मध्ये काढलेल्या? कुर्ल्यात 1971 मध्ये प्रत्यक्षात जी बाहेर पडली तिच्याप्रमाणे? की डॉक्टर-वकिलांच्या, मग त्यांच्याकडून घेतलेल्या कुणाच्या, मग आणखी कुणाच्या हातात शेवटची जशी धावत होती तिच्याप्रमाणे? परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हा प्रश्न तितका छळत नसावा. तिथे कंपनीचा खरा पार्ट विकत मिळायचा आणि गाडी मूळ राहायची. आपल्याकडे पार्ट मिळत नव्हता, म्हणून माणूस तो घडवत होता. या गाडीचा निम्मा जीव टंचाईनं घडवला आहे. ते सगळं पुसून तिला पुन्हा कोरी करायची, तर मी ती कोणासाठी करतेय? जिच्याकडे कोरी फियाट कधी नव्हतीच तिच्यासाठी?

मी असा निकाल दिला: जी दुरुस्ती गाडी चालावी म्हणून केली होती ती राहील. जी गाडी विकता यावी म्हणून केली होती ती निघेल. डब्याचा पत्रा आणि दारांतली लांबी गेली, नवा पत्रा आला. मडगार्ड, पिन आणि बुश तसंच राहिलं. काका आठवडाभर मडगार्डकडे बघत नव्हते. मग एके दिवशी त्यांनी दोन्ही मडगार्डांच्या गोलाईचे कागदी साचे कापून एकमेकांवर ठेवले आणि फरक किती ते माझ्या वहीत लिहायला लावलं. आकडा लिहिला गेल्यावर त्यांची तक्रार संपली.

रंगाची गंमत वेगळीच. आरसी बुकात रंग लिहिलाय राखाडी. लांबीच्या खाली, दाराच्या आतल्या घडीत, जिथे रंगाऱ्याचा हात पोचत नाही तिथे, फिकट निळा निघाला. म्हणजे कागद आणि पत्रा यांचंही एकमत नाही. आम्ही कागदाचं ऐकलं, कारण इन्स्पेक्टर कागद बघतो. रंग मारला दसऱ्यानंतर. पावसाळ्यात ड्युकोचा रंग हवेतला ओलावा धरतो आणि वाळताना पांढुरका पडतो. श्रावणभर म्हणून फक्त इंजिन आणि ब्रेकचं काम.

पार्टांसाठी मुंबई टाळता येत नाही. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेनं 2017 मध्ये उठवला. मिस्त्री त्याची आठवण काढतात ती गेलेल्या नातेवाइकाची काढावी त्या सुरात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फियाटचं सामान मिळत राहिलं ते काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. खाजगी फियाटवाल्यांनी हे कधी कबूल केलं नाही, पण त्यांच्या गाड्या टॅक्सीवाल्यांनी जगवल्या. एवढं मोठं गिऱ्हाईक नसतं तर किंगपिन आणि ब्रेकचे कप कुणी बनवत बसलं नसतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. त्यानंतर दुकानदार एकेक वस्तू कपाटातून काढताना जरा थांबून बघतो, आणि भाव सांगतो. दुकानांपासून थोडं पुढे प्रीमियर रोड आहे. कारखान्याच्या जागेवर इमारती झाल्या, रस्त्याचं नाव तेवढं टिकलं.

आणि पेट्रोल. या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते 2000 मध्ये देशभर बंद झालं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या सगळ्या बदलून त्याला सोसेल असं रबर घालावं लागलं. मिश्रण पातळ पडतं म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट किंचित मोठा. हे इथेनॉल येतं मुख्यतः उसातून आणि धान्यातून. रावळगावला ऊस लावणाऱ्यानंच पुढे कुर्ल्याला मोटारी काढल्या. ऊस आणि मोटार यांची गाठ सत्तर-ऐंशी वर्षांनी टाकीत पडेल आणि मोटारीच्या पोटात दुखेल, हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्यानं त्याचाही एक कारखाना काढला असता.

गाडी आता चालते. गल्लीतून, मग गंगापूर धरणापर्यंत. पुढचं काम पेठ रोडच्या आरटीओचं. 2021 च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, जुना नंबरही ठेवता येतो. नवऱ्यानं नियम छापून आणला, कारण एव्हाना तोही गाडीचा झाला आहे; भाड्याचा कागद कुठे गेला कोण जाणे. नियमात दोन अटी आहेत. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि तशी नोंद झाली की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, झालंच तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. मडगार्ड मूळ स्वरूपात आहे की नाही यावर काका आणि मिस्त्री पुन्हा जुंपले. काकांच्या मते नाही. मिस्त्रींच्या मते, जो पत्रा इतकी वर्षं टिकला तोच मूळ.

दुसऱ्या अटीमुळे माझा प्रश्न सुटला. रॅलीत हार घालून उभं राहायला ही गाडी मी घेतलेली नाही. साधं नूतनीकरण करायचं. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी 2025 पासून दहा हजार झाली आहे, वर थकलेला पर्यावरण कर आणि दंड. बँकेतल्या माणसाला असले आकडे वाचताना त्रास होतो, भरताना होत नाही.

ते झालं की कसारा घाट. थर्मोस्टॅटचा निकाल तिथे लागायचा आहे. काका म्हणतात सुई मध्यभागी राहील. मिस्त्री म्हणतात उतरताना राहील, चढताना बघू, आणि कॅन काढू देत नाहीत. दोघांनाही पुढे बसायचंय. बाकाची सीट आहे, तिघं मावतात, फक्त मधल्याला गुडघे गिअरच्या दांड्यापासून आवरून बसावं लागतं. मध्ये कोण बसणार यावर सध्या चर्चा चालू आहे. गाडी मी चालवणार, एवढं नक्की झालं आहे.